पाऊस आत घेणारं घर

पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरातल्या काही घरांची छपरं पुन्हा उभी करून दाखवली आहेत. अशा एखाद्या घराच्या दारातून अरुंद बोळ ओलांडून आत गेलं की आपण एका उंच दालनात येतो आणि मान आपोआप वर जाते, कारण उजेड वरून येतो. छपराच्या मधोमध चौकोनी भोक आहे. चारही बाजूंनी छप्पर त्या भोकाकडे उतरत आलंय. बरोबर खाली, फरशीत, उथळ हौद. पाऊस आला की चारही उतारांवरचं पाणी हौदात पडतं आणि तिथून जमिनीखालच्या टाक्यात जातं. यातल्या अनेक घरांत त्या भोकाच्या कोपऱ्यांना एकही खांब नाही. कौलांचा एवढा भार मधोमध, अधांतरी, कशावर उभा आहे हा प्रश्न पडायला हवा. तो पुढे सोडवू.

या दालनाचं नाव एट्रियम. मॉलमधल्या काचेच्या छताखालच्या मोकळ्या जागेला आज जे नाव देतात तेच. वरच्या भोकाला रोमन लोक कॉम्प्लुव्हियम म्हणत, खालच्या हौदाला इम्प्लुव्हियम. रोमन घराची ओळख म्हणून शाळेच्या पुस्तकापासून सगळीकडे हीच खोली दाखवतात. मौज अशी की खुद्द रोमन लोक या बिनखांबी एट्रियमला रोमन म्हणत नव्हते. त्यांच्या भाषेत ते 'तुस्कानिकम', म्हणजे तुस्की लोकांच्या धाटणीचं. तुस्की हे एट्रुस्कनांचं, म्हणजे रोमच्या शेजारच्या लोकांचं, लॅटिन नाव. टस्कनी या प्रांताच्या नावात ते अजून शिल्लक आहे.

इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन पंडित व्हॅरो तर सरळ लिहितो की एट्रुस्कनांच्या घरातल्या या जागेची नक्कल रोमनांनी केली, आणि एट्रियम हा शब्दच आत्रिया या एट्रुस्कन गावावरून आला. शब्दाची दुसरी व्युत्पत्तीही रोमन लोक सांगत असत: 'आतेर' म्हणजे काळा, म्हणून चुलीच्या धुराने काळवंडलेली खोली ती एट्रियम. दोन्ही ऐकायला छान आहेत. ऐकायला इतक्या छान असलेल्या व्युत्पत्त्यांवर मी फारसा विसंबत नाही. पण शब्द सोडला तरी मुद्दा उरतो. आपलं घर दुसऱ्याकडून घेतलंय असं रोमन माणूस सहजपणे मान्य करतो, आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांची घरं मात्र आज कुठेच उभी नाहीत.

एट्रुस्कन लोक मध्य इटलीत आर्नो आणि टायबर या नद्यांच्या दरम्यान राहत. स्वतःला ते रासेन्ना म्हणवत. रोम त्यांच्या अगदी शेजारी, टायबरच्या काठावर. परंपरेप्रमाणे रोमच्या शेवटच्या तीन राजांपैकी दोघे, पहिला आणि दुसरा तार्क्विनियस, एट्रुस्कन घराण्यातले. त्यांचा काळ इ.स.पू. ६१६ ते ५०९ असा सांगितला जातो. म्हणजे शंभरेक वर्षं रोमचा राजवाडा एट्रुस्कन वळणाचा असणार हे उघड आहे.

मग त्यांची घरं गेली कुठे? ती बांधलीच अशा मालमसाल्याने की टिकू नयेत. पाया दगडगोट्यांचा, भिंती कच्च्या विटांच्या किंवा कुडाच्या, वर लाकडी तुळया आणि कौलं. छप्पर पडलं की दोन-चार पावसाळ्यांत भिंतींचा चिखल होतो. शिवाय त्यांची गावं मोक्याच्या टेकड्यांवर होती आणि मोक्याची टेकडी कोणी सोडत नाही. पेरुजा, ऑर्व्हिएतो, व्होल्तेर्रा ही आजची नांदती शहरं एट्रुस्कन गावांच्याच डोक्यावर बसली आहेत. तिथे खणायचं तर कोणाच्या तरी स्वयंपाकघराखाली खणावं लागेल.

त्यामुळे घराची चौकशी मेलेल्यांकडे करावी लागते. रोमच्या वायव्येला चेर्वेतेरी गावाबाहेर बांदिताच्चा नावाचं एट्रुस्कन दफनस्थळ आहे. मऊ ज्वालामुखी खडक कोरून केलेल्या खोल्या, वर मातीचे गोल ढिगारे, मधून रस्ते आणि गल्ल्या. मृतांचं गावच ते. तार्क्विनियाच्या दफनस्थळासह २००४ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. इथली थडगी आतून घरासारखी कोरली आहेत. छताला मधली जाड तुळई आहे, तिच्यावर दोन्ही बाजूंनी उतरणारे वासे आहेत, आणि हे सगळं खडकात. दगडाला वाशांची काहीच गरज नसते. कोरणाऱ्याने ते ठेवले, कारण वासे नसलेलं छत त्याला घरासारखं वाटलं नसतं. कार्ल्याचं किंवा भाज्याचं लेणं पाहिलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथेही कातळात लाकडी बांधकामाची नक्कल आहे, आणि नाहीशा झालेल्या लाकडी इमारती अभ्यासक त्या दगडातूनच वाचतात.

चेर्वेतेरीत काळाप्रमाणे घर कसं बदललं तेही दिसतं. इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका थडग्याचं छत गवताने शाकारलेल्या झोपडीसारखं दोन्हीकडून जमिनीपर्यंत उतरतं. त्याचं नावच 'झोपडीचं थडगं'. पुढच्या शतकातल्या 'ढाली आणि खुर्च्यांच्या थडग्या'त मात्र पुढे एक आडवं दालन, त्याच्यामागे ओळीने तीन खोल्या, आणि दालनात खडकातच कोरलेल्या पाठीच्या खुर्च्या, पाय ठेवायच्या चौरंगांसकट. माझ्या मते सगळ्यात बोलकं म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरचं मातुना घराण्याचं थडगं. त्याच्या भिंतींवर आणि खांबांवर चुन्याच्या गिलाव्यात उठावाने घरातल्या वस्तू काढून रंगवल्या आहेत: सुऱ्या, दोरखंड, भांडी, ढाली-तलवारी, एक कुत्रा. मुख्य पलंगाखाली पायताणांचा जोड. माणूस आत्ताच आडवा झालाय आणि उठला की पाय त्यात घालणार, असं.

आता उत्खननांकडे वळू, कारण थडगं म्हणजे घराचं चित्र. त्या चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकात एट्रुस्कनांचे पूर्वज आणि रोमचे पहिले रहिवासी एकाच तऱ्हेच्या झोपड्यांत राहत होते. आकार लंबगोल, कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. झोपड्या उरल्या नाहीत, पण खडकात खोदलेले खांबांचे खळगे उरले, आणि झोपडीच्या आकाराचे मातीचे अस्थिकलशही. रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर असे खळगे सापडले आहेत. रोम्युलसची म्हणून एक झोपडी रोमनांनी याच टेकडीवर शतकानुशतकं जपली होती. पडझड झाली की तिथले पुजारी ती तशीच डागडुजी करून उभी करत.

मग आली कौलं. ही एक वस्तू घराचा सगळा स्वभाव बदलून टाकते. गवताचं छप्पर हलकं असतं, त्याला चांगला चढा उतार लागतो, आणि ते गोलाकार भिंतींवरही बसतं. भाजलेलं कौल जड असतं. ते सरळ ओळीतच बसतं. उतार फार केला तर घसरतं. म्हणजे कौलं घालायची तर घर चौकोनी हवं, भिंती सरळ हव्यात, तुळया भक्कम हव्यात. पद्धत अशी: दोन्ही कडा उचललेली पसरट कौलं शेजारी शेजारी मांडायची आणि दोन कौलांच्या सांध्यावर अर्धगोल कौल पालथं घालायचं. आपल्याकडे नळीची कौलं पाहिली असतील तर वरचा भाग लगेच डोळ्यासमोर येईल.

ही विद्या ग्रीसकडून आली. रोमन लेखक प्लिनी एक कथा सांगतो: कॉरिंथहून परागंदा झालेला देमारातस नावाचा धनाढ्य तार्क्विनियाला येऊन स्थायिक झाला आणि त्याच्याबरोबर मातीकाम करणारे कारागीर आले. कथेची खातरी कोण देणार? पण काळ जुळतो. इ.स.पू. सातव्या शतकाच्या मध्यापासून एट्रुरियात, म्हणजे एट्रुस्कनांच्या मुलखात, कौलं दिसू लागतात. आणि परंपरेनुसार याच देमारातसचा मुलगा पुढे रोमला जाऊन पहिला तार्क्विनियस राजा झाला.

व्हितेर्बोजवळच्या आक्वारोस्सा इथे १९६६ पासून स्वीडिश पुरातत्त्वज्ञांनी खणलं. इ.स.पू. सहाव्या शतकात हे गाव ओस पडलं आणि वर दुसरं गाव वसलं नाही, म्हणून सामान्य घरं सापडली. दोन किंवा तीन खोल्या ओळीने, समोर ओसरी किंवा अंगण, वर रंगवलेली कौलं. चेर्वेतेरीच्या थडग्यातल्या त्या तीन खोल्या आठवा. कोरणाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी सिएनाजवळ मुर्लो गावाच्या पोज्जो चिव्हिताते टेकडीवर अमेरिकनांनी उत्खनन सुरू केलं. तिथे साधं घर नव्हतं. इ.स.पू. ६०० च्या सुमारास इथली आधीची इमारत आगीत गेली. त्या दिवशी कारखान्यात न भाजलेली ओली कौलं वाळत पडली होती, आणि त्यांच्यावर पळणाऱ्या माणसांच्या पावलांचे ठसे उमटले. आगीने तेच ठसे पक्के केले. अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घाईच्या क्षणाची इतकी चोख नोंद मला दुसरी माहीत नाही. त्या राखेवर नवी भव्य इमारत उभी राहिली: प्रत्येक बाजू सुमारे ६० मीटर, चार पाखी, मध्ये मोठा चौक, चौकाच्या तीन बाजूंना खांबांची ओसरी. आढ्यावर मातीचे बसलेले पुतळे, डोक्यावर भल्या रुंद काठाच्या टोप्या. ही राजाची कोठी, की सभेची जागा, यावर अजून वाद आहे.

या चौकामुळे गोष्ट आपल्या मूळ प्रश्नाशी येऊन मिळते. मराठी वाचकाला इथे वाड्याचा चौक आठवणारच. त्या दोघांचा काही संबंध नाही, पण फरक समजून घेण्यासारखा आहे. वाड्याचा चौक म्हणजे उघडी जागा, तिच्याभोवती सोपे. चौकाला छप्पर नसतं, चौक आभाळाचा असतो. एट्रियम ही छप्पर असलेली खोली आहे, आणि त्या छपराला मध्ये भोक आहे. चौक लहान लहान होत गेला, भोवतीच्या ओसऱ्यांची छपरं पुढे पुढे सरकत आली, आणि एके दिवशी चौकाची खोली झाली. एट्रुस्कनांनी घराच्या इतिहासात जे मोठं पाऊल टाकलं ते हे, असं बरेच अभ्यासक मानतात. ते नेमकं कुठे आणि कधी पडलं हा वादाचा भाग.

टस्कनीतल्या रोसेल्ले इथे इ.स.पू. सहाव्या शतकातलं एक घर आहे, ज्याला 'इम्प्लुव्हियमचं घर' असंच नाव पडलंय. मध्ये पाणी गोळा करायची जागा, भोवती खोल्या. बोलोन्याच्या दक्षिणेला मार्त्साबोत्तो इथे, प्राचीन नाव काइनुआ, इ.स.पू. ५०० च्या सुमारास आखून वसवलेलं अख्खं शहर सापडलं. सरळ काटकोनात रस्ते, मोठे १५ मीटर रुंद. रस्त्याकडेला कारागिरांच्या भट्ट्या आणि कारखाने, त्यांच्यामधून आत जाणारा लांब बोळ, बोळाखालून गटार, मग मधली जागा, तिथे विहीर, आणि मागे खोल्या. नकाशावर पाहिलं तर पॉम्पेईचं घरच वाटतं. पण भिंतींचा फक्त पाया उरलाय. नदीच्या गोट्यांच्या त्या रांगा पाहून मधली जागा चौकासारखी उघडी होती की वर छप्पर असून त्याला फक्त भोक होतं हे ठरवणं कठीण. रोममध्येही तीच अडचण. पॅलेटाइनच्या उत्तर उतारावर १९८० च्या दशकात आंद्रेआ कारांदिनी यांनी इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरची मोठी घरं खणली आणि त्यांची चित्रं पूर्ण एट्रियमसकट काढली. चित्रं देखणी आहेत. जमिनीत मात्र पायाचे तुकडेच होते, म्हणून सगळ्यांना ती पटली नाहीत. मलाही ती थोडी जास्तच आत्मविश्वासाने काढल्यासारखी वाटतात.

छपराचा पुरावा पुन्हा मृतांकडूनच मिळतो. किउसीचा एक दगडी अस्थिकलश घराच्या आकाराचा आहे, आणि त्याच्या छपराला मधोमध भोक आहे. तार्क्विनियाच्या मेर्कारेच्चा थडग्याच्या छतालाही तसंच. पण नीट पाहिलं तर उतार उलटा आहे. पाणी भोकाकडे न येता बाहेर जातं. भोक फक्त उजेड आत यायला आणि धूर बाहेर जायला. रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियसने आपल्या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात सहाव्या भागात एट्रियमचे पाच प्रकार दिले आहेत, त्यातला हा एक. तक्रारही नोंदवली आहे: बाहेर जाणारं पाणी भिंतीलगतच्या पन्हळींतून लवकर निघत नाही, त्या तुंबतात, आणि भिंती, दारं-खिडक्या कुजतात. दुरुस्तीचा खर्च काही संपत नाही. पन्हळ तुंबल्यावर काय होतं ते कौलारू घरात राहिलेल्यांना विट्रुव्हियसने सांगायची गरज नाही.

आता ते बिनखांबी कोडं. विट्रुव्हियसच्या वर्णनाप्रमाणे एट्रियमच्या रुंदीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, दोन जाड तुळया टाकायच्या. त्या दोन तुळयांच्या मधे, त्यांनाच जोडून, दोन आखूड तुळया आडव्या बसवायच्या. झाला मधे एक चौकोन, तेच भोक. मग खोलीच्या चार कोपऱ्यांपासून या चौकोनाच्या चार कोपऱ्यांपर्यंत तिरपी लाकडं, आणि त्यांच्या आधाराने भिंतींकडून मध्याकडे उतरणारे वासे. सगळा भार फिरून त्या दोन लांब तुळयांवर आणि तिथून भिंतींवर जातो. खाली एकही अडथळा नाही. यातली मर्यादाही उघड आहे. खोली जितकी मोठी तितकी तुळई लांब, जाड आणि महाग. म्हणून पुढे भोकाच्या चार कोपऱ्यांना चार खांब देण्याचा प्रकार आला. पॉम्पेईच्या 'फॉनच्या घरा'त, जे सुमारे ३,००० चौरस मीटरवर पसरलेलं आहे, एक एट्रियम बिनखांबी आणि दुसरं चार खांबांचं, दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

रोमनांनी नुसतं छप्पर घेतलं नाही, त्या खोलीला एक रिवाज चिकटवला. सकाळी घराचं दार उघडलं की आश्रित लोक मालकाला मुजरा करायला येत. त्यांना एट्रियममध्ये उभं राहावं लागे. मालक बसे मागच्या टॅब्लिनम नावाच्या उघड्या खोलीत, बरोबर दाराच्या रेषेत. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही बोळ, भोकातून पडणारा उजेड, हौद आणि त्यापलीकडचा मालक एका नजरेत दिसावा अशी ती मांडणी. भिंतीशी कपाटांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे. इथेही एट्रुस्कन सावली आहे असं मला वाटतं, कारण थडग्यांतही आत येणाऱ्याची वाट सरळ मधल्या मागच्या खोलीकडे जाते. इ.स.पू. पहिल्या शतकातला ग्रीक इतिहासकार डिओडोरस तर म्हणतो की घरातल्या खांबांच्या ओसऱ्या एट्रुस्कनांनी काढल्या त्या नोकर-चाकरांच्या गर्दीचा गोंगाट आवरायला, आणि रोमनांनी ही सोय उचलली.

सगळंच मात्र एट्रुस्कनांच्या खात्यावर टाकू नये. घराच्या मागे खांबांनी वेढलेली बाग ग्रीकांकडून आली, बरीच नंतर, इ.स.पू. दुसऱ्या शतकात. पॉम्पेईच्या 'शल्यवैद्याच्या घरा'ला एकेकाळी सगळ्यात जुनं एट्रियमचं घर मानत, इ.स.पू. चौथ्या शतकातलं. अलीकडे फरशीखाली खणल्यावर ते इ.स.पू. २०० च्या आसपासचं निघालं. म्हणजे एट्रुस्कन नमुने आणि पॉम्पेईची घरं यांच्यात दोन-तीन शतकांचं अंतर आहे, आणि एवढ्या मोठ्या पोकळीवर व्हॅरोचं एक वाक्य पुलासारखं टाकलेलं आहे. पूल बहुधा पक्का आहे, पण लांब आहे.

शेवटी एट्रुस्कन भाषाच बोलायची थांबली. पेरुजाबाहेर १८४० मध्ये रस्त्याचं काम चालू असताना वोलुम्नी घराण्याचं थडगं सापडलं. खडकात खोल उतरणाऱ्या पायऱ्या, मग वर आढं-वासे कोरलेलं मधलं दालन, बाजूंना खोल्या, आणि मागे, बरोबर टॅब्लिनमच्या जागी, घराण्याच्या कर्त्या माणसांच्या अस्थी. त्यांच्यात एक संगमरवरी कलश बाकीच्यांपेक्षा बराच नंतरचा, पुब्लियस वोलुम्नियस व्हिओलेन्सचा. आकार छोट्या इमारतीचा, दार आणि छपरासह. त्याच्यावर नाव दोनदा लिहिलंय, एकदा लॅटिनमध्ये आणि एकदा एट्रुस्कनमध्ये. रोमन माणूस नावात बापाचा उल्लेख करून थांबतो. याच्या लॅटिन मजकुरात बापापाठोपाठ आईचंही नाव आहे, एट्रुस्कन रिवाजाप्रमाणे: काफातियाच्या पोटी जन्मलेला.